न लिहिलेल्या संवादांचा नाटककार

दरवर्षी ५ नोव्हेंबर उजाडला की महाराष्ट्रातील नाट्यगृहांमध्ये नटराजाचे पूजन होते, सांगलीत एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीच्या हाती विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक ठेवले जाते आणि १८४३ मधील 'सीतास्वयंवरा'चे स्मरण केले जाते. मराठी रंगभूमी दिन या नावाने हा दिवस रूढ झाला आहे. मात्र ज्या नाटकामुळे या दिवसाला महत्त्व आले, त्या नाटकातील एकही संवाद आज कोणाला म्हणून दाखवता येणार नाही. तो हरवलेला नाही किंवा जळालेला नाही. तो मुळी लिहिलाच गेला नव्हता. मराठी नाटकाचा जनक म्हणून गौरवल्या गेलेल्या माणसाने आपल्या पात्रांच्या तोंडी घालण्यासाठी वाक्ये लिहून ठेवली नाहीत. त्याच्या कर्तृत्वाचे रहस्य आणि त्याच्या वाट्याला आलेले विस्मरण, या दोहोंचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

विष्णू अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारास झाला. वडील अमृतराव सांगली संस्थानच्या चाकरीत होते. संस्थान तसे नवेच होते. मिरजेच्या पटवर्धनांपासून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी १८०१ मध्ये कृष्णाकाठी आपली स्वतंत्र राजधानी वसवली, किल्ला बांधला, गणपतीचे देवालय उभारले. तरवार गाजवलेल्या या संस्थानिकाला विद्या आणि कला यांचीही हौस होती. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. सांगलीच्या आसपासची गावे, मंगळवेढे, आणि दक्षिणेकडे तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी अशा तुकड्यांत तो विखुरलेला होता. त्यामुळे आप्पासाहेबांच्या प्रजेपैकी काही लोक घरात मराठी बोलत, तर काही कन्नड. बाजारात, देवळात आणि कचेरीत दोन्ही भाषा कानांवर पडत. पुढे घडलेल्या घटनेचा अर्थ लावताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

अमृतरावांच्या या मुलाचे मन अभ्यासाच्या पाठांतरात फारसे रमले नाही. गोष्टी रचून रंगवून सांगणे, चित्रे काढणे, माती आणि लाकूड यांतून आकृत्या घडवणे हा त्याचा छंद. त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण घरात अशा गुणांची किंमत फार नव्हती. हिशेब, मोडी लिखाण किंवा वैदिकी यांपैकी काहीतरी यावे, एवढीच अपेक्षा असे. परंतु संस्थानच्या छोट्या राजधानीत कोणाच्या अंगी काय कसब आहे, हे राजवाड्यापर्यंत पोचायला वेळ लागत नसे. विष्णूचे कसबही आप्पासाहेबांच्या नजरेस आले.

१८४२ मध्ये कर्नाटकातील होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचा खेळ म्हणजे आज यक्षगान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाट्यप्रकाराचे एक रूप. भागवत म्हणजे मुख्य गायक कथा गाणार, मृदंगाच्या तालावर पात्रे नाचत प्रवेश करणार, आणि गाणे थांबले की त्या प्रसंगाला अनुसरून बोलणार. कथा रामायण-महाभारतातल्या, भाषा कन्नड. दरबारातील सर्वांना प्रत्येक शब्द कळला असेल असे नाही, पण कथा कोणाला समजली नाही असेही झाले नसेल. राम कोण, रावण कोण, कोणाच्या मनात काय आहे आणि शेवटी काय होणार, हे प्रेक्षकांना लहानपणापासून ठाऊक होते. भाषेची भिंत पुराणकथेने आधीच ओलांडलेली होती.

आप्पासाहेबांना खेळातील कल्पना आवडली, त्यातील ओबडधोबडपणा आवडला नाही. असाच खेळ मराठीत, अधिक नेटका आणि दरबारास शोभेल असा कोणी करील काय, असा त्यांचा मानस झाला आणि ती कामगिरी त्यांनी विष्णुदासांवर सोपवली. विष्णुदासांचे वय तेव्हा चोविशीच्या घरात होते. नाटक म्हणावे असे काही त्यांनी तोपर्यंत केलेले नव्हते.

मराठी माणसाला सोंग, गाणे आणि कथा यांचे वावडे तेव्हाही नव्हते. देवळात हरिदासाचे कीर्तन होई. उत्सवाच्या अखेरीस लळितात सोंगे येत. कोकणात दशावतारी रात्र जागवीत आणि तमाशाचे फड गावोगाव फिरत. तंजावरच्या भोसले राजांनी तर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके रचली होती. शाहराजांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात पाच भाषा एकाच रंगमंचावर नांदल्या होत्या. पण ती नाटके तंजावरच्या ग्रंथसंग्रहात होती आणि सांगलीत त्यांची वार्ताही नव्हती. संस्कृत नाटके शास्त्री-पंडितांच्या पोथ्यांत होती. रंगमंचावर उभे राहून मराठीत नाटक कसे करावे, याचा नमुना विष्णुदासांपुढे एकच होता आणि तो कन्नड होता.

त्यांनी त्याचे भाषांतर केले नाही. त्यांनी रचना घेतली आणि तिच्यात आपल्या मातीतील सामग्री भरली. भागवताच्या जागी सूत्रधार आला. गाण्यासाठी कन्नड पदांऐवजी कीर्तनातून मराठी कानांच्या ओळखीची झालेली पदे, साक्या, दिंड्या अशी रचना आली. कथानक, प्रसंगांचा क्रम आणि पात्रांच्या मनातील भाव सूत्रधार गाऊन सांगणार. ती पदे विष्णुदासांनी स्वतः रचली आणि ती ठरलेली असत, त्यांत बदल नसे. पदे संपली की पात्राने त्याच आशयाचे भाषण गद्यात करायचे. कोणत्या प्रसंगी काय आशय यावा, हे नटांना तालमीत समजावून दिलेले असे. पण शब्द नटाचे, वाक्ये नटाची आणि त्या दिवसाची.

ही योजना वरकरणी साधी दिसते. तिच्यात एक मोठी गोष्ट दडलेली होती. पदांमध्ये महाकाव्य होते, भाषणांत वर्तमान होते. रामायणातील जनक पदांत पुराणातील राजा असे, पण पुढच्याच क्षणी तो सांगली-मिरजेच्या माणसाला कळेल अशा बोलीत आपली चिंता सांगे. प्राचीन कथा आजच्या माणसांसाठी उभी करायची तर तिच्यातील कोणता भाग कायम ठेवावा आणि कोणता मोकळा सोडावा, हा जगभरच्या दिग्दर्शकांना पडणारा प्रश्न आहे. विष्णुदासांनी त्याचे उत्तर सिद्धांत म्हणून मांडले नाही. त्यांनी ते प्रयोगाच्या रचनेतच बसवून टाकले.

पहिल्या प्रयोगासाठी सीतास्वयंवराचा प्रसंग निवडण्यातही जाण होती. त्यात देव आहेत, ऋषी आहेत, राजे आहेत, स्त्रिया आहेत आणि गर्वाने फुगलेला रावणही आहे. वीर, हास्य, शृंगार आणि भय या सर्वांना त्यात वाव आहे, आणि शेवट मंगल आहे. १८४३ मध्ये सांगलीत आप्पासाहेब आणि दरबारातील मंडळी यांच्यासमोर हा खेळ झाला.

त्या खेळाचे आणि त्याच्या वळणावर पुढे झालेल्या खेळांचे स्वरूप जुन्या नाट्येतिहासांतून बऱ्यापैकी कळते. आरंभी सूत्रधार आणि त्याचे झांजा-मृदंग वाजविणारे साथीदार मंगलाचरण गात. मग विदूषक येई. त्याच्या आणि सूत्रधाराच्या विनोदी संभाषणातून खेळाची प्रस्तावना होई. सूत्रधार गणपतीचे स्तवन करी आणि पडद्यामागून गजानन प्रकट होऊन निर्विघ्नतेचा वर देई. त्यानंतर कमरेला मोराची आकृती बांधलेली सरस्वती नाचत येई. मग कथेला प्रारंभ. सूत्रधार अखेरपर्यंत रंगमंचावरच राही. सगळे त्याच्या गाण्याने पुढे सरके. नटांच्या कामांची वाटणीही ठरलेली होती. देव, ऋषी, स्त्रिया आणि राक्षस असे पक्ष असत. स्त्रियांची कामे कोवळ्या वयाची मुले करीत. दिवट्यांच्या उजेडात, तोंड रंगवून आणि केस मोकळे सोडून, तरवार परजत आणि आरोळी ठोकत राक्षस आला की पुढे बसलेल्या पोरांची गाळण उडे. त्या आरोळीवरूनच पुढे या नाटकांना अललडुर्र नाटके हे नाव पडले. मृदंगाच्या बोलांवरून तागडथोम असेही त्यांना म्हणत. दोन्ही नावे थट्टेची आहेत. पण थट्टेसाठीसुद्धा लोकांना नाव शोधावे लागते, एवढे ते खेळ त्यांच्या आयुष्यात शिरले होते.

'सीतास्वयंवर' आवडल्यावर विष्णुदासांनी रामायणातील पुढचे प्रसंग घेतले, मग महाभारत आणि भागवत यांकडे ते वळले. अशी पन्नासच्या वर आख्याने त्यांनी रचली. लोकांनी कीर्तनात ऐकलेल्या व्यक्ती आता त्यांच्यापुढे हातपाय हलवीत, रागावत, रडत होत्या. कीर्तनकार एकटाच सर्वांच्या वतीने बोलतो. इथे प्रत्येक जण आपल्या वतीने बोलू लागला. मराठी मनाने महाकाव्याकडे पाहण्याच्या रीतीत झालेला हा बदल होता. त्यासाठी तोंडाला रंग लावून उभे राहण्यास तयार झालेल्या तरुणांनीही किंमत मोजली. सोंग काढून नाचणे हे प्रतिष्ठित घरातील मुलाचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात ते वावरत होते. राजाचे छत्र डोक्यावर होते म्हणून ही मंडळी उभी राहू शकली.

ते छत्र १८५१ मध्ये नाहीसे झाले. आप्पासाहेब पटवर्धन निवर्तले आणि त्यांच्याबरोबर नाटकाचा राजाश्रयही संपला. संस्थानच्या कारभाऱ्यांना या छंदावर पैसा खर्च करण्याचे कारण दिसत नव्हते. विष्णुदासांपुढे दोनच मार्ग होते. मंडळी मोडून चाकरी पाहावी किंवा ज्यांनी कधी राजवाडा पाहिला नाही अशा लोकांपुढे नाटक न्यावे. त्यांनी दुसरा मार्ग धरला. मराठी नाटकाचा प्रारंभ १८४३ मध्ये सांगलीच्या दरबारात झाला असे म्हटले जाते. त्याच्या धंद्याचा प्रारंभ मात्र या निर्णयापासून झाला. एका धन्याच्या मर्जीवर चालणारा खेळ अनेक अनोळखी माणसांच्या पैशावर चालू लागला.

सांगलीकर मंडळींचा हा प्रवास सोपा नव्हता. देशातील पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. घाट चढून पुण्याला पोचायला तिला आणखी दहा वर्षे लागायची होती. सामानसुमान, मुखवटे, शस्त्रे, मृदंग आणि कोवळी मुले बरोबर घेऊन ही मंडळी कच्च्या वाटांनी मुक्काम करीत मुंबईला पोचली. त्यांच्या मागे कोणत्याही संस्थानाचा शिक्का नव्हता. पुढ्यात मुंबई होती.

ही मुंबई सांगलीपेक्षा सर्वस्वी निराळी होती. तेथे मराठी बोलणारे होते, तसे गुजराती बोलणारे हिंदू आणि पारशी व्यापारी होते, कोकणी आणि उत्तर हिंदुस्थानी मुसलमान होते, इंग्रज अंमलदार होते. ग्रँट रोडवर जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर १८४६ मध्ये नाटकगृह उभे राहिले होते. मुळात ते इंग्रजी खेळांसाठी होते. चित्रे रंगवलेले पडदे, बैठकीची व्यवस्था, तिकिटाचे दर, हे सारे विष्णुदासांना नवे होते. शहरातील डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या सुशिक्षित धुरीणांचे त्यांना साहाय्य लाभले. सांगलीच्या राजवाड्यासाठी रचलेले खेळ ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून होऊ लागले.

त्या वर्षी त्या एकाच नाटकगृहात घडलेल्या गोष्टी एकत्र पाहिल्या तर भारतीय रंगभूमीचा एक मोठा कालखंड डोळ्यांसमोर उभा राहतो. सांगलीकरांनी तेथे मराठीत पुराणकथा उभ्या केल्या. १८५३ च्या ऑक्टोबरात पारशी तरुणांनी गुजरातीत रुस्तुम आणि सोहराब यांची कथा रंगमंचावर आणली. ती त्यांच्या पूर्वजांच्या महाकाव्यातील, फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'तील होती. म्हणजे एका समाजाने आपले महाकाव्य आपल्या बोलीत उभे केल्याचे पाहून दुसरा समाज आपले महाकाव्य घेऊन त्याच पाटांवर उभा राहिला. पारशी रंगभूमीच्या इतिहासकारांनी सांगलीकरांच्या खेळांचे हे ऋण नोंदवले आहे.

विष्णुदासांनी त्यापुढचे पाऊल त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात टाकले. मराठी न कळणाऱ्या प्रेक्षकांसाठी त्यांनी राजा गोपीचंद आणि जालंदरनाथ यांचा खेळ हिंदुस्थानी भाषेत केला. मुंबईतील हिंदुस्थानी रंगभूमीचा आरंभ पुष्कळदा याच खेळापासून मोजला जातो. त्यासाठी त्यांनी निवडलेली कथा रामायणातील नव्हती, महाभारतातीलही नव्हती. आई मैनावतीच्या उपदेशावरून राज्य सोडून जोगी होणारा गोपीचंद बंगालपासून पंजाबपर्यंत नाथजोग्यांच्या गाण्यांतून लोकांना परिचित होता. महाराष्ट्रातही तो घरोघरी ठाऊक होता. जी कथा अनेक भाषांच्या लोकांनी आपापल्या भाषेत आधीच ऐकलेली आहे, ती परक्या भाषेतही कळते. कर्कीच्या मंडळींचा कन्नड खेळ पाहताना सांगलीच्या दरबारात जो अनुभव आला, त्याचाच उपयोग विष्णुदासांनी मुंबईत उलट बाजूने केला.

अलिखित संवादांची योजना इथे पुन्हा कामी आली. लिहिलेले नाटक दुसऱ्या भाषेत न्यायचे तर आधी भाषांतर करावे लागते, मग ते पाठ करावे लागते. येथे पदे नवी रचली की भागत असे, बाकीचे भाषण नटांच्या जिभेवर. सांगलीच्या मराठी नटांची हिंदुस्थानी दिल्ली-लखनौच्या माणसाने शुद्ध मानली असती असे नव्हे. मुंबईतील प्रेक्षकांनाही तशी शुद्धता अपेक्षित नव्हती. त्यांचे स्वतःचे रोजचे व्यवहारही अशाच मिश्र बोलीत चालत. रंगमंचावरील भाषा रस्त्यावरच्या भाषेजवळ आली, एवढेच झाले.

विष्णुदासांचे यश पाहून त्यांच्या पद्धतीने खेळ करणाऱ्या मंडळ्या ठिकठिकाणी निघाल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशी गावांची नावे लावून त्या फिरू लागल्या. अनुकरणात नेहमी होते तेच झाले. नवोदितांनी त्यातील जे सोपे होते ते आधी उचलले. राक्षसाची आरोळी, तरवारींचा खणखणाट आणि सरस्वतीचे नृत्य सर्वांना साधले. पदांतील आशय हेरून त्याला साजेसे बोलणे प्रत्येकाला साधले नाही. चांगल्या नटाच्या तोंडी संवाद फुलत, सामान्य नटाच्या तोंडी ते पाल्हाळ होत. ज्या मोकळिकीने महाकाव्य जिवंत केले होते, तीच आता त्याला विस्कळीत करू लागली.

इंग्रजी शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या पिढीला हे खेळ पोरकट वाटू लागले. शेक्सपिअर आणि कालिदास वाचलेल्या या तरुणांच्या लेखी नाटक म्हणजे आधी ग्रंथ होता, नंतर प्रयोग. १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे लिखित संवादांचे ऐतिहासिक नाटक आले आणि देवादिकांच्या जागी इतिहासातील माणसे उभी राहिली. त्याच सुमारास विष्णुदासांनी नाटकाच्या धंद्यातून अंग काढून घेतले आणि ते सांगलीस स्थायिक झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे चाळिशीच्या पुढे होते. त्यानंतर ते आणखी चाळीस वर्षे जगले.

ही चाळीस वर्षे त्यांच्या चरित्रातील सर्वांत शांत आणि सर्वांत बोलकी आहेत. आपण लावलेल्या रोपाचे झाड होताना आणि त्या झाडाला आपल्या कल्पनेत नसलेली फुले येताना त्यांनी पाहिली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणले. अण्णासाहेब बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे, आणि तरुणपणी त्यांनीही नाटक मंडळ्यांसाठी जुन्या वळणाची आख्याने लिहिली होती. पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून त्यांना मराठीत तसे करण्याची ईर्षा झाली, असे सांगतात. 'शाकुंतला'त सूत्रधार आरंभीच निघून गेला. पात्रे स्वतःच गाऊ लागली, आणि बोलू लागली तीही लिहिलेल्या वाक्यांत. विष्णुदासांच्या रंगमंचावर एकट्या सूत्रधाराकडे असलेले गाणे आता सर्व पात्रांत वाटले गेले. संगीत नाटकाच्या वैभवापुढे तागडथोम नाटके पाहता पाहता मागे पडली.

आपल्या कामाची नोंद राहावी ही निकड विष्णुदासांना वाटली असावी. १८८५ मध्ये त्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध झाला. सूत्रधाराच्या तोंडची आख्यानांतील पदे त्यात एकत्र आली. संवाद त्यात असणे शक्यच नव्हते. आजच्या वाचकाने तो ग्रंथ उघडला तर त्याला गाणी मिळतील, कथेचा क्रम मिळेल. पण त्या गाण्यानंतर रावण काय म्हणाला आणि त्यावर लोक का हसले, सीतेचे काम करणाऱ्या मुलाने कोणत्या शब्दांनी बायकांच्या डोळ्यांत पाणी आणले, हे कळणार नाही. नाटकाचा अर्धा भाग हवेत बोलला गेला आणि हवेतच विरला.

परंतु जे कागदावर राहिले नाही ते माणसांबरोबर फिरत राहिले. मराठी नाटक मंडळ्या उत्तर कर्नाटकात वारंवार जात. तेथील कन्नड प्रेक्षक ही मराठी नाटके हौसेने पाहत. आपले लोक परभाषेतील नाटकांवर संतुष्ट आहेत याची खंत गदगच्या शांतकवींना लागली आणि १८७० च्या दशकात त्यांनी 'उषाहरण' या पौराणिक कथेवर कन्नड नाटक रचले. त्या भागातील आधुनिक कन्नड रंगभूमीचा आरंभ तेथून धरला जातो. कर्कीहून निघालेली ठिणगी सांगलीत मराठी झाली, ग्रँट रोडवर हिंदुस्थानी झाली आणि तीस-पस्तीस वर्षांनी नव्या रूपात कन्नड प्रदेशात परतली. कोण कोणाचा ऋणी, हा हिशेब मांडू जावे तर तो कधीच संपणार नाही.

९ ऑगस्ट १९०१ रोजी विष्णुदासांचे निधन झाले. तोवर किर्लोस्करांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. पुढे मान मिळाला. १९४३ मध्ये सांगलीत मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. त्यांच्या नावाची नाट्यगृहे उभी राहिली. त्यांच्या नावाच्या गौरवपदकाचा पहिला मान बालगंधर्वांना मिळाला. त्यांना जनक म्हणावे की नाही, यावर वादही झाले. तंजावरची नाटके उजेडात आली तेव्हा काळाच्या हिशेबात विष्णुदास मागे पडले. १८५५ मध्ये जोतीराव फुले यांनी लिहिलेले 'तृतीय रत्न' हे लिखित आणि सामाजिक नाटक सव्वाशे वर्षांनी छापून आले, तेव्हा आधुनिक मराठी नाटकाच्या आरंभाचा मानही त्यांच्याकडून काढून घ्यावा असे अनेकांना वाटले. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. मात्र तंजावरची नाटके महाराष्ट्रातील प्रेक्षकांपर्यंत पोचली नाहीत आणि फुल्यांच्या नाटकाला त्यांच्या हयातीत रंगमंच मिळाला नाही. तिकीट काढून, रात्र जागवून, पुन्हा पुन्हा येणारा मराठी प्रेक्षक घडवला तो विष्णुदासांनी. पितृत्वाच्या वादापेक्षा हे श्रेय अधिक टिकाऊ आहे.

१९८५ मध्ये फ्रान्समधील आविन्यों येथे एका दगडाच्या खाणीत पीटर ब्रुक यांनी 'महाभारत' उभे केले. नऊ तासांचा तो खेळ अनेक देशांतील नटांनी आपापल्या उच्चारांसह आधी फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत केला. भारतीय द्रौपदी आणि आफ्रिकी भीष्म एका पटावर आले. परक्यांनी आमचे महाकाव्य असे हाताळावे काय, यावर भारतात मोठी चर्चा झाली. त्या चर्चेत विष्णुदासांचे नाव फारसे आले नाही. सांगलीच्या एका तरुणाने जवळजवळ दीड शतक आधी कन्नड खेळ पाहून मराठी रामायण रचले होते, आणि मराठी नटांच्या तोंडून हिंदुस्थानी बोलवले होते. महाकाव्य कोणत्या भाषेचे आणि कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्याला पडल्याचे दिसत नाही. ते ज्याला कळेल त्याचे, असे मानूनच तो वागला.

विष्णुदासांनी स्वतःच्या हातांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. काळाच्या ओघात त्या अडगळीत गेल्या, झिजल्या, त्यांचे सांधे निखळले. विसाव्या शतकात बाहुल्यांच्या खेळातील नामवंत कलावंत रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी केली आणि त्यांना पुन्हा हालचाल दिली. त्या बाहुल्या विष्णुदासांच्या नाटकासारख्याच आहेत. आकार त्यांनी दिलेला, तो कायम राहिला. त्या बोलू लागतात मात्र ज्याच्या हाती दोरी असेल त्याच्या काळात, त्याच्या आवाजात.